आजीच्या लोणच्याच्या बरणीचे तुकडे झालेत, किंत्सुगी शिकून जोडता येईल का?

बरणीवाली
४ जून

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे आजीची एक चिनी मातीची बरणी आहे, नेहमीचीच, खाली पांढरट आणि वर तपकिरी, पाचेक किलो लोणचं मावेल एवढी. आजी नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची तेव्हापासूनची. दर मे महिन्यात कैरीचं लोणचं त्यात भरायचं, वर दादरा बांधायचा आणि मग ती फडताळाच्या खालच्या खणात जायची, आम्हा मुलांना तिला हात लावायची परवानगी नव्हती. वाडा गेला, आजी गेली, बरणी राहिली. आता आम्ही वारज्याला राहायला आलो, टेम्पोतून नीट उतरली, चार मजले चढून नीट आली आणि ओट्यावर ठेवून पुसताना माझ्याच हातून सटकली. तीन मोठे तुकडे, एक बोटाएवढा, थोडा चुरा, आणि तोंडाच्या कडेची एक कपची कितीही शोधली तरी सापडत नाहीये. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

ऑफिसमधल्या एकीनं किंत्सुगीबद्दल सांगितलं, म्हणजे जपानमध्ये फुटलेली भांडी सोन्यानं जोडतात ते. फोटो बघितले आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. पण जेवढं वाचतेय तेवढा गोंधळ वाढतोय, कुणी म्हणतं दोन तासात शिकता येतं, कुणी म्हणतं तीन महिने लागतात. तर पुण्यात घरबसल्या हे शिकता येईल का, खरंच सोनं लागतं का, आणि जोडल्यावर बरणीत परत लोणचं घालता येईल का? शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. अजून एक, आईचं म्हणणं आहे की फुटलेलं भांडं घरात ठेवू नये, ती तुकडे टाकून द्यायच्या मागे लागलीय, मी ते सध्या शर्टाच्या खोक्यात घालून कपाटावर लपवलेत.


चाकावरची_माती
४ जून

ताई, सगळ्यात आधी एकच सांगतो, तुकडे कशानंही चिकटवू नका. सुपरग्लू नको, एपॉक्सी नको, काही नको. साध्या पाण्यानं धुवा, वाळवा, प्रत्येक तुकडा वेगळ्या कपड्यात गुंडाळा म्हणजे कडा एकमेकींवर घासणार नाहीत. चुरा पण टाकू नका, डबीत भरून ठेवा.

मी पाच-सहा वर्षं चाकावर काम करतो, हौस म्हणूनच, आणि गेली तीन वर्षं स्वतःच्या फुटलेल्या भांड्यांवर खरी किंत्सुगी करतोय. खरी म्हणतो कारण तुमचा गोंधळ होतोय तो एकाच नावानं दोन वेगळ्या गोष्टी चालतात म्हणून होतोय. दोन तासांच्या वर्कशॉपमध्ये आणि बहुतेक किटमध्ये असतं ते एपॉक्सी, त्यात सोनेरी दिसणारी अभ्रकाची नाहीतर पितळेची पूड कालवलेली. शोपीसला छान आहे, माझं काही म्हणणं नाही, पण त्यातून चहा प्यायचा नाही आणि खाण्याचं काही ठेवायचं नाही.

खऱ्या किंत्सुगीत सोनं काहीच जोडत नाही, ते फक्त शेवटी वर बसतं. जोडते ती उरुशी. हा एका झाडाचा चीक आहे, आपण आंब्याच्या देठाचा चीक म्हणतो ना तसाच, आणि झाड आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं. झाडाला दहा-पंधरा वर्षं वाढवायचं, एका उन्हाळ्यात त्याच्या खोडाला चिरा पाडून चीक गोळा करायचा, एका झाडाचे जेमतेम २०० ग्रॅम मिळतात आणि मग ते झाड तोडतात. जपानमध्ये वापरतात ती बरीचशी उरुशी चीनहून येते, तिथली स्वतःची मुख्यतः इवाते भागातल्या जोबोजीची. त्यामुळे ट्यूब हातात आली की एक थेंब वाया घालवताना जीव वर-खाली होतो.

आता काम कसं चालतं ते. आधी तुटलेल्या कडांची धार अगदी हलकी मोडायची आणि कच्च्या उरुशीचा पातळ हात मारून पुसून घ्यायचा, हे झालं की पुढची पकड चांगली बसते. मग मैदा आणि पाणी घेऊन कणीक मळतो तसं मळायचं, तार सुटायला लागली की त्यात जवळपास तेवढीच उरुशी थोडी थोडी घालत घोटायची. याला मुगी-उरुशी म्हणतात, मुगी म्हणजे गहू. पतंगाची खळ केली असेल तर हाताला लगेच कळेल कधी झालं ते. हे दोन्ही कडांना अगदी पातळ लावायचं, थोडा वेळ थांबायचं, मग दाबून जोडायचं आणि टेपनं आवळायचं. आणि मग दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही, बरणीसारख्या जाड भांड्याला मी तर महिना देईन.

आता गंमत बघा, उरुशी वाळत नाही. रंग वाळतो तसं यात पाणी उडून जात नाही, उलट हिला पाणी लागतं. चिकातच एक एन्झाइम असतं, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन चीक घट्ट करतं आणि त्याला काम करायला दमट हवा लागते, ७० ते ८५ टक्के आर्द्रता आणि २० ते ३० अंश तापमान. म्हणून पुठ्ठ्याच्या नाहीतर लाकडाच्या खोक्यात ओलं फडकं ठेवून त्यात भांडं ठेवतात, त्या खोक्याला मुरो म्हणतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये मी फडकं दिवसातून तीनदा ओलं करतो तरी काम पुढे सरकत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये काही न करता आपोआप होतं. तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत, आत्ता सुरुवात केलीत तर पूर्ण पावसाळा हाताशी आहे.

जोड पक्का झाला की वर आलेलं ब्लेडनं खरवडायचं. जिथे खळगे, बारीक कपच्या आहेत तिथे बारीक मातीची पूड, पाणी आणि उरुशी असं लुकण भरायचं, त्याला साबी म्हणतात. पाण्यात बुडवून पॉलिश पेपरनं घासायचं, बोटाला जोड लागता कामा नये. मग काळ्या उरुशीची रेघ, ती घट्ट झाली की परत घासायचं, बरेच जण हे दोनदा करतात. आणि सगळ्यात शेवटी तांबड्या उरुशीची केसाएवढी पातळ रेघ. ती अर्धवट चिकट झाली की सोन्याची पूड. नेमकी वेळ कशी ओळखायची तर रेघेवर तोंडानं वाफ सोडायची, क्षणभर निळसर झाक आली आणि गेली की समजायचं झालं. लवकर टाकलंत तर सोनं बुडून जातं, उशीर झाला तर धरतच नाही. हे वाचून येत नाही, चार-पाच वेळा चुकूनच येतं.

सोन्याच्या भावाला घाबरू नका. केशी नावाची अगदी बारीक पूड ग्रॅमच्या छोट्या भागात विकत मिळते आणि एका कपाच्या रेघेला चिमूटभरही लागत नाही. बरणीला जास्त लागेल हे खरं. पण चांदी चालते, आणि नुसती काळी किंवा तांबडी उरुशी ठेवली तरी काम तेवढंच पक्कं असतं, जोड सोन्यानं धरलेला नसतोच.

आणि कृपा करून पहिलं काम बरणीवर करू नका. आधी दोन-तीन साधे कप करा.


काजूबाग
५ जून

वरचा प्रतिसाद फार छान आहे पण एक गोष्ट त्यात ओझरती आलीय ती मी मोठ्यानं सांगतो, उरुशी उतते. बिब्बा उततो तशीच.

मूळ गाव आमचं वेंगुर्ल्याकडे, लहानपणी काजूच्या बिया भाजताना टरफलाचं तेल उडून हाताची सालं गेलेली आठवतात, त्यामुळे मला वाटलं आपल्याला काय होणार. हातमोजे न घालता काम केलं, दुपारी घाम पुसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगट आणि कपाळ खाजायला लागलं, तिसऱ्या दिवशी एक डोळा सुजून बंद. डॉक्टरांकडे गेलो, औषधं घेतली, तरी पूर्ण जायला दोन आठवडे गेले. डॉक्टरांना उरुशी माहीत नव्हती, मी बिब्बा म्हटल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं.

तर ज्यांना आंब्याच्या चिकानं ओठ फुटतात, काजूच्या टरफलानं पुरळ येतं किंवा बिब्बा उततो त्यांनी दहादा विचार करा. बाकीच्यांनीही नाइट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टेबलावर प्लास्टिक. हाताला लागलीच तर आधी पाणी नाही लावायचं, गोडेतेल लावून पुसून काढायची आणि मग साबण. ब्रशसुद्धा तेलानंच धुतात. घरात लहान मुलं असतील तर मुरोचं खोकं उंच ठेवा, ओली उरुशी हाताला लागली की उतते, पूर्ण घट्ट झाल्यावर मात्र काही करत नाही, जपानमध्ये शेकडो वर्षं लोक उरुशी लावलेल्या वाडग्यातून गरम सूप पितायत.

मी नंतरही काम सोडलं नाही. मोजे घालून करतो, आजवर सात भांडी झाली.


पेठेतला
५ जून

एक शंका. आपल्याकडे लाख असते की, सावंतवाडीची खेळणी, गंजिफा सगळं लाखेचंच काम. मग जपानहून चीक कशाला मागवायचा, लाखेनं जोडता येणार नाही का बरणी? आणि एपॉक्सी इतकं पण वाईट नाही हो, माझ्या टेबलावरचा पेनस्टँड चार वर्षं टिकलाय.


चाकावरची_माती
५ जून

@पेठेतला, प्रश्न चांगला आहे, मी पण सुरुवातीला हाच विचार केला होता. इंग्रजीत दोन्हीला लॅकर म्हणतात म्हणून सारखं वाटतं पण लाख किड्यापासून येते आणि उरुशी झाडापासून, दोन्हीचा स्वभाव पूर्ण उलटा. लाख उष्णतेनं मऊ होते, त्याच गुणावर तर ते खेळणीवाले काम करतात, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणानं वितळून रंग बसतो. म्हणजे तुमच्या जोडलेल्या कपात उकळता चहा ओतला की जोड ढिला. उरुशी एकदा घट्ट झाली की परत वितळत नाही, आंबट, खारट, गरम पाणी सगळं सोसते. तिला एकच सोसत नाही, कडक ऊन, त्यानं ती हळूहळू खराब होते, म्हणून जोडलेलं भांडं खिडकीत ठेवू नये.

एपॉक्सीबद्दल, पेनस्टँडला उत्तमच. माझा विरोध एवढ्यालाच आहे की आजीच्या बरणीसारखी वस्तू एकदा एपॉक्सीनं जोडली की पुढे मन बदललं तर ते काढताना कडा खराब होतात.


साकुरा_सिंहगडरोड
६ जून

मी कामानिमित्त जपानमधल्या ओकायामाला दोन वर्षं होते. पुणेकरांना ओकायामा नाव सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे माहीत असतं, ते तिथल्या कोराकुएन बागेवरून केलंय. पण ओकायामाची अजून एक ओळख म्हणजे बिझेनची भांडी. इंबे नावाचं छोटं गाव आहे, रेल्वेतून उतरलं की भट्ट्यांच्या विटांच्या चिमण्या दिसायला लागतात. ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, अजिबात नाही, नुसती माती, पाइनच्या लाकडावर दहा-बारा दिवस सलग भाजतात आणि राख, ज्वाळा जिथे जशा लागतील तसा रंग येतो. तिथे माझ्या घरमालकीणबाई, सत्तरी ओलांडलेल्या, स्वयंपाकघरात बसून किंत्सुगी करायच्या. वर्तमानपत्र पसरून, गुडघ्यावर टॉवेल, आपल्याकडे आजी वाती वळत बसते ना तसं. त्यांच्याकडून मी थोडं शिकले.

शब्दाबद्दल सांगते. किन म्हणजे सोनं, त्सुगी म्हणजे जोड. चांदीनं केलं तर गिन्त्सुगी. बरणीवाली, तुमच्या हरवलेल्या कपचीसाठी तुम्हाला एक शब्द फार आवडेल, योबित्सुगी. योबु म्हणजे बोलावणं. मूळ तुकडा हरवला की दुसऱ्याच एखाद्या फुटलेल्या भांड्याचा तुकडा मापात घासून त्या जागी बसवतात, म्हणजे बोलावून आणलेला जोड. गोधडीत कुणाच्या धोतराचा तुकडा, कुणाच्या इरकलीचा तुकडा येऊन बसतो तसंच. तुमच्या घरात आजीच्या काळातली दुसरी एखादी फुटकी बशी असेल तर तिचा तुकडा तिथे बसू शकतो.

एक गोष्ट तिथे बऱ्याच जणांकडून ऐकली. पंधराव्या शतकात अशिकागा योशिमासा नावाचा शोगुन, म्हणजे तिथला लष्करी राज्यकर्ता, होता, त्याच्याकडे चीनमधला सेलाडॉनचा, म्हणजे फिकट हिरवट ग्लेझचा, चहाचा वाडगा होता, त्याला तडा गेला. त्यानं तो चीनला पाठवला की असाच दुसरा द्या. तिकडून उत्तर आलं की आता असं भांडं कुणी करत नाही, आणि तडा लोखंडी टाक्यांनी सांधून तोच वाडगा परत आला. बरेच जण पुढे सांगतात की ते टाके आवडले नाहीत म्हणून जपानी कारागिरांनी सोन्याची रीत काढली. ही दंतकथाच आहे, पण वाडगा खरा आहे, टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि त्याचे टाके आजही तसेच आहेत, कुणी काढले नाहीत. वाडग्याला नाव पण त्या टाक्यांवरूनच पडलंय, बाकोहान, कारण ते मोठ्या टोळासारखे दिसतात. मी तो प्रत्यक्ष बघितलाय. मला तर ते टाके सोन्याइतकेच आवडले.

आपल्याकडे रफू करणारा चांगला कोण, तर ज्याचं काम दिसत नाही तो. किंत्सुगीत रेघ दिसायलाच हवी, ती लपवायची नाही आणि हवी तशी वळवायची पण नाही, भांडं जिथे फुटलं तिथूनच ती जाणार. माझ्या घरमालकीणबाई मला सारख्या अडवायच्या, मी सुंदर दिसावी म्हणून रेघ जाड काढायचे आणि त्या पुसायला लावायच्या. त्यांच्या मते सोनं भांड्यापेक्षा जास्त दिसायला लागलं की काम बिघडलं.

शिकण्याबद्दल, पुण्यात जपानी शिकणारे आणि शिकवणारे खूप आहेत, रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, त्यातलं कुणी ना कुणी जपानला जात-येत असतं. साहित्य मिळवायला आणि ट्यूबवरचं वाचून घ्यायला त्यांची मदत होते. नुसतं उरुशी असं बघून घेऊ नका, नव्या उरुशी नावानं न उतणारा एक पर्यायी लेप पण विकतात, तो वेगळा आणि खाण्याच्या भांड्यांना नाही.


बरणीवाली
६ जून

बापरे, एवढं सगळं, कसे आभार मानू कळत नाहीये. सगळं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, बिब्ब्याचं ऐकून तिनं लगेच सांगितलं की मला लहानपणी बिब्बा उतला होता म्हणे, पाय सुजला होता. म्हणजे मला जास्तच सांभाळावं लागणार.

एक कबुली द्यायची आहे. धागा काढायच्या आधीच मी तो बोटाएवढा तुकडा सुपरग्लूनं मोठ्या तुकड्याला चिकटवलाय, आणि जरा वाकडा बसलाय. आता काय करू? आणि @चाकावरची_माती, लोणच्याचं तुम्ही सांगितलंच नाहीत. उरुशी आंबट-खारट सोसते म्हणालात म्हणजे चालेल ना?


चाकावरची_माती
७ जून

सुपरग्लू निघेल, काळजी करू नका. ॲसिटोन आणा, नेलपॉलिश काढायचं असतं त्यातही असतं पण शुद्ध मिळालं तर बरं. कापूस भिजवून जोडावर ठेवा, वर प्लास्टिक गुंडाळा म्हणजे उडून जाणार नाही, काही तासांनी सुटेल. ओढू नका, आपोआप सुटू द्या. खिडकी उघडी आणि गॅस बंद हे लक्षात ठेवा, ॲसिटोन लगेच पेट घेतं. नंतर कडेवर गोंदाचा एक कणही राहता कामा नये, नख फिरवून बघा. वाकडं बसलंय ते तसंच ठेवलंत तर पुढचे तुकडे मिळून तोंडाशी दोन-तीन मिलिमीटरची फट पडेल, पहिल्या तुकड्यातला केसभर फरक शेवटच्या तुकड्यापर्यंत वाढत जातो. म्हणूनच उरुशी लावायच्या आधी नुसत्या टेपनं सगळी बरणी कोरडीच जोडून बघायची, कुठला तुकडा आधी आणि कुठला शेवटी ते ठरवायचं आणि पेन्सिलनं नंबर घालायचे.

लोणच्याचं मी मुद्दामच टाळलं होतं कारण उत्तर तुम्हाला आवडणार नाही. घट्ट झालेल्या उरुशीला आंबट-खारटाचं भय नाही हे खरं. पण चहाचा कप दहा मिनिटं भरलेला असतो आणि लोणचं वर्षभर मुरत बसतं, मीठ, तेल, मोहरी, वर डाव घालून खालवर ढवळणं. आतल्या बाजूनं जोडाला जर कुठे सुईएवढं छिद्र राहिलं असेल तर तेल तिथून आत शिरेल आणि मग ना तो जोड धड राहील ना लोणचं. शिवाय पाच किलोची भरलेली बरणी दोन हातांनी कडेला धरून उचलायची म्हणजे सगळा भार नेमका जोडांवर. मी तुमच्या जागी असतो तर नसतं घातलं. त्यात काचेची सरळ उभी बरणी बसत असेल तर लोणचं काचेत आणि काच आजीच्या बरणीत, वरून दादरा बांधा, कुणाला दिसणार पण नाही. नाहीतर सुक्या मिरच्या, आमसुलं असं हलकं काहीतरी.

हरवलेल्या कपचीला योबित्सुगी नको असेल तर उरुशीत लाकडाचा भुसा घालून घट्ट लगदा करतात, कोकुसो म्हणतात, त्यानं थोडं थोडं करत कड उभी करता येते. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त भरू नका, आतून ओलं राहतं. आणि ताई, बिब्बा उतलाय म्हणता तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच ट्यूब उघडा. नसेल जमत तर सांगा, मी जोडून देईन, तुम्ही शेजारी बसून बघा.


फडताळ
८ जून

आईच्या मनाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी तुमच्या आईच्याच वयाची असेन. फुटकं भांडं घरात नको हे आम्ही सगळ्यांनीच ऐकलंय, आणि त्यात साधं व्यवहाराचं कारण होतं, काच-चिनीमातीची कपची अन्नात जाते, हात कापतो. पण तांब्याचा हंडा गळायला लागला तर कुणी टाकून देत नव्हतं, तांबट आळीत नेऊन डाक लावून आणायचे आणि तोच हंडा परत पाणी भरायला. माझ्या सासूबाईंचा एक हंडा आहे त्याला तीन ठिकाणी डाक आहे, तो आजही नवरात्रात पूजेला असतो. ज्याला कारागिराचा हात लागला ते फुटकं राहिलं नाही असं मी मानते. आईला हंड्याचं विचारून बघा, तुमच्याकडेही असणार एखादा.


साकुरा_सिंहगडरोड
८ जून

@फडताळ, किती छान लिहिलंत. तो हंडा बघायला आवडेल.


बरणीवाली
१७ ऑगस्ट

मंडळी, बरेच दिवस गायब होते, आता सविस्तर सांगते.

आमच्याकडे हंडा नाही पण आजीचं पितळी पातेलं निघालं, त्याच्या बुडाला डाक आहे. आई ते बराच वेळ हातात घेऊन बसली होती, काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी खोकं कपाटावरून खाली आलं आणि तिनंच तुकडे धुवून पंच्यात गुंडाळून ठेवले. सुपरग्लूवाला तुकडा ॲसिटोननं रात्रभरात सुटला.

डॉक्टरांनी सांगितलं की करायचंच असेल तर एक कणही अंगाला लागू देऊ नका, म्हणून मी दोन मोजे एकावर एक, ॲप्रन, डोक्याला रुमाल असा जामानिमा करून बसते. जुन्या बाजारातून बुधवारी जाऊन चार जुने कप आणले, दोन आधीच फुटके होते, दोन मी टॉवेलमध्ये गुंडाळून फोडले, ते करताना फार कसंतरी झालं. साहित्य एका जपानी शिकवणाऱ्या ताईंनी आणून दिलं.

पहिला कप बिघडला. काळी उरुशी मी जाड लावली आणि त्या आठवड्यात पाऊस थांबतच नव्हता, मुरोत शिवाय ओलं फडकं, दुसऱ्या दिवशी बघते तर रेघेवर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या. @चाकावरची_माती यांना फोटो पाठवला तर ते म्हणाले वरचा थर पटकन घट्ट झाला आणि आतला ओलाच राहिला, पावसाळ्यात फडकं काढून टाका आणि हात निम्म्यानं पातळ करा. सगळं घासून परत केलं. दुसऱ्या कपाला नीट बसलं. परवा त्याच्यावर सोनं टाकलं, वाफ सोडून निळी झाक दिसली तेव्हा मी आईला ओरडून हाक मारली, ती पोळ्या टाकून आली आणि तेवढ्यात झाक गेली, मग परत वाफ सोडून तिला दाखवली.

रेघ एका जागी जाड झालीय, @साकुरा_सिंहगडरोड यांच्या घरमालकीणबाईंनी नक्की पुसायला लावली असती. कप अजून दोन आठवडे तरी वापरणार नाहीये.

बरणी आज कोरडीच टेपनं जोडून बघितली. आईनं तुकडे धरले, मी टेप लावली. बोटाएवढा तुकडा दुसऱ्या नंबरला गेला तरच शेवटचा तुकडा बसतोय, तिसऱ्या नंबरला ठेवला तर अडतोय. कपचीच्या जागेसाठी आईनं माळ्यावरून एक निळ्या फुलांची फुटकी बशी काढून आणलीय, आजीच्या चहाची, तिला माहीत होतं कुठे आहे ती. बशी बरणीपेक्षा बरीच पातळ आहे, तर मागून कोकुसोनं जाडी भरून घेता येईल का, की आधी तुकडा बसवून मग भरायचं? कुणीतरी सांगा, रविवारी मैदा मळायचा विचार आहे.


चाकावरची_माती
१७ ऑगस्ट

आधी बसवा, वरची बाजू बरणीच्या बाहेरच्या अंगाशी सपाट ठेवून, आणि तो जोड पूर्ण घट्ट झाल्यावर मागून थोडं थोडं भरत या. फुलाचा कुठला भाग दिसायला हवा ते आधी पेन्सिलनं आखून घ्या, बशी एकदा कापली की परत मागे जाता येत नाही. पाण्याखाली धरून घासा, धूळ नाकात जाऊ देऊ नका. रविवारी दुपारी मी वारज्याकडेच येतोय, चालत असेल तर डोकावतो.